मदत हवी आहे : वडिलांचे मेरोपेनेम हे अँटिबायोटिक बंद करत आहेत, डॉक्टरांना अडवावे का?

धंतोली_मुक्कामी : वडिलांना केमोनंतर ताप आल्यामुळे येथे दाखल केले आहे. मेरोपेनेमने ताप उतरला, पण आज सकाळी डॉक्टर म्हणाले की ते बंद करून त्याहून लहान अँटिबायोटिक देऊ. एवढ्या अशक्त माणसाचे औषध कमी करणे मला पटत नाही. आग्रह धरून तेच चालू ठेवायला सांगावे का? संध्याकाळच्या राऊंडपूर्वी उत्तर हवे आहे.

वॉर्डातील_सिस्टर : कर्करोग कोणता, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती, ताप किती दिवस नाही, आणि मुख्य म्हणजे ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काय वाढले, यांपैकी तुम्ही काहीच लिहिलेले नाही.

गोंदियाहून : अजिबात बंद करू देऊ नका. माझ्या आईला चौदा दिवस तेच औषध दिले होते, म्हणूनच ती घरी आली.

वॉर्डातील_सिस्टर : तुमच्या आईच्या कल्चरमध्ये काय आले होते?

गोंदियाहून : काहीच आले नव्हते.

वॉर्डातील_सिस्टर : मग चौदा दिवसांमुळेच त्या बऱ्या झाल्या, असे म्हणता येत नाही. कल्चरमध्ये जंतू वाढले नसतील, रुग्ण स्थिर असेल आणि 48 तास ताप नसेल, तर किमान 72 तासांच्या उपचारानंतर न्यूट्रोफिल वाढलेले नसतानाही अँटिबायोटिक थांबवता येते, असे युरोपातील तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात. मेरोपेनेम विनाकारण लांबले, की आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, सी. डिफिसिल या जंतूचे जुलाब लागू शकतात आणि मेरोपेनेमला न जुमानणारे क्लेब्सिएलासारखे जंतू उरतात. मग कोलिस्टिनसारखे, मूत्रपिंडाला त्रास देणारे औषध द्यावे लागते, आणि पुढच्या केमोच्या वेळी हाताशी फारसे काही राहत नाही.

गोंदियाहून : पुस्तकातले नियम आम्हाला सांगू नका, आमचा जीव टांगणीला लागलेला असतो.

धंतोली_मुक्कामी : कृपया येथे वाद नको. रक्ताचा कर्करोग आहे, न्यूट्रोफिल 300 आहेत, तीन दिवस ताप नाही. फाइलमधल्या कल्चरच्या कागदावर ई. कोलाय या जंतूचे नाव लिहिले आहे. नवे औषध पिपरॅसिलिन-टाझोबॅक्टम आहे.

वॉर्डातील_सिस्टर : हे आधीच लिहिले असते तर बरे झाले असते. त्याच कागदावर सेफट्रायाक्झोन या अँटिबायोटिकपुढे एस (जंतू त्या औषधाला दाद देतो) आहे की आर (दाद देत नाही), ते पाहा. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत, सेफट्रायाक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला रक्तात असलेल्या रुग्णांचे 30 दिवसांतील मृत्यू मेरोपेनेमवर 3.7 टक्के, तर पिपरॅसिलिन-टाझोबॅक्टमवर 12.3 टक्के होते. म्हणून तेथे आर असेल, तर मेरोपेनेम बदलण्याचे कारण डॉक्टरांना जरूर विचारा. एस असेल आणि नव्या औषधापुढेही एस असेल, तर बदल योग्य दिशेने चालला आहे.

छिंदवाडा_रोड : विचारलेले नाही, तरी सांगतो. घरी गेल्यावर ताप 101 फॅरनहाइट भरला, किंवा 100.4 वर तासभर टिकला, तर क्रोसिन देऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. आम्ही रात्रभर थांबलो होतो.

वॉर्डातील_सिस्टर : अगदी बरोबर. अशा तापात पहिला डोस तासाभरात जायला हवा, आणि कल्चरचे रक्त शक्यतो त्याआधी. अँटिबायोटिकचा काळजीपूर्वक वापर म्हणजे उशीर नव्हे.

धंतोली_मुक्कामी : कागद पाहिला. दोन्हींपुढे एस आहे. आता राऊंडला औषध चालू ठेवण्याचा आग्रह धरणार नाही, एकूण किती दिवस द्यायचे आणि पुन्हा ताप आला तर कोणते औषध सुरू करणार, एवढेच विचारतो.