मदत हवी आहे: वरच्या वावरात सोयाबीनच्या मुळांना भरपूर गाठी, खालच्यात जेमतेम. युरिया द्यावा का?

पांदणवाट:
नमस्कार मंडळी. आमची शेती लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. वडील कसतात, मी पुण्यातून फोनवर सल्ले देते आणि ते ऐकत नाहीत. यंदा दोन वावरांत सोयाबीन आहे. वाण एकच, पेरणी बरोबरच झाली, आता पीक महिन्याचं झालंय. वरच्या वावरात दरवर्षी सोयाबीन आणि मग हरभरा असतो. खालच्यात कित्येक वर्षं ऊस होता, तो मोडून पहिल्यांदाच सोयाबीन पेरलंय. वरचं पीक हिरवंगार, खालचं फिकट. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालाय.

दोन्हीकडची रोपं खुरप्यानं मातीसकट काढली आणि बादलीत मुळं धुतली. वरच्या वावरातल्या रोपांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, सोटमुळावर आणि बाजूच्या बारीक मुळांवरही. खालच्या बहुतेक रोपांना गाठच नाही, काहींना सोटमुळावर अगदी बुडाशी दोन-चार. रायझोबियम, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, दोन्हीकडच्या बियाण्याला लावलं होतं. बियाणं मात्र बुरशीनाशक चोळलेलंच आलं होतं.

गावात सगळे म्हणतायत, एकरी एक गोणी युरिया फेका आणि मोकळे व्हा. द्यावा का? दुसरं म्हणजे, बियाणं तेच, जिवाणू तेच, मग गाठी एकीकडेच का? हा जिवाणू मुळाच्या आत जातो तरी कसा, हे कुणी नीट सांगेल का? शाळेत 'हवेतील नत्र स्थिर करतात' एवढ्या एका वाक्यावर बोळवण झाली होती.

बांधावरून:
ताई, आधी तीन गोष्टी बघा. खाली पाणी साचतं का? मुळांना हवा नसेल तर गाठी धरत नाहीत. त्या गाठी अंगठ्यानं सरकवल्या तर सुटतात का? सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या बारीक अळीसारख्या जिवाच्या) गाठी मुळाचाच फुगवटा असतात, त्या सुटत नाहीत. आणि ब्लेडनं चिरून आतला रंग सांगा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर मी लोहाची कमतरता म्हटलं असतं, आपल्या चुनखडीच्या रानात ती नेहमीचीच. पण जुनी पानं आधी गेली म्हणजे नत्रच कमी पडतंय.

पांदणवाट:
पाणी साचत नाही, चांगला उतार आहे. गाठी सहज सुटल्या. चिरल्यावर वरच्या वावरातल्या आत लालसर, बोटाला रंग लागला. खालच्या ज्या थोड्या आहेत त्याही आतून गुलाबीच निघाल्या! मला वाटलं होतं पांढऱ्या असतील.

सूक्ष्मदर्शी:
मग निदान जवळपास झालंच. मृदा-सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सोयाबीनचा जोडीदार जिवाणू म्हणजे ब्रॅडीरायझोबियम. ज्या जमिनीत सोयाबीन कधी आलंच नाही तिथे तो सहसा नसतो किंवा अगदी कमी असतो. एकदा पीक येऊन गेलं की वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या वरच्या वावरात तो आधीच मातीभर पसरलेला आहे, म्हणून गाठी आडव्या मुळांवरही आहेत. खाली फक्त बियाण्यावर लावलेले जिवाणू होते. त्यातले बुरशीनाशकातून वाचले त्यांनी जिथे बी पडलं तिथेच, म्हणजे बुडाशी, गाठी केल्या. गाठी कुठे आहेत यावरून जिवाणू कुठून आले ते कळतं. त्यात उसाच्या खतांचं नत्र जमिनीत शिल्लक असेल तर सुरुवातीला झाडानंही गाठींकडे पाठ फिरवली असणार.

आता तो आत कसा जातो. मूळ जमिनीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, सोयाबीनमध्ये मुख्यतः डेडझीन आणि जेनिस्टीन. ती ओळखणारा जिवाणू उलट एक रेणू सोडतो, त्याला नॉड घटक म्हणतात. गंमत अशी की त्याचा कणा कायटिनच्या तुकड्यांचा असतो, आणि कायटिन म्हणजे बुरशीच्या भिंतीतला पदार्थ. एरवी त्यावरून झाड शत्रू ओळखतं. इथे मात्र त्या रेणूला शेपटीसारखं लागलेलं स्निग्धाम्ल आणि टोकांवरचे बारीक बदल पाहून ते दार उघडतं. हे बदल जिवाणूगणिक वेगळे, म्हणून हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही.

निरोप जुळला की मूळरोम, म्हणजे मुळावरचा केसासारखा तंतू, टोकाशी आकड्यासारखा वळतो आणि जिवाणू त्या वळणात अडकतो. तिथून झाड स्वतःच आतल्या बाजूला एक नळी वाढवत नेतं, तिला संसर्गतंतू म्हणतात. जिवाणू तिच्यात विभागत विभागत पुढे सरकतात. त्याच वेळी मुळाच्या सालीतल्या पेशी विभागायला लागतात, तीच गाठ. जिवाणू शेवटी पेशीत पोचतात तेही झाडाच्या पातळ पटलात गुंडाळलेले, मोकळे कधीच नाहीत.

हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल असं करायचं काम जिवाणूतलं नायट्रोजनेज हे विकर करतं. त्यात लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, आणि ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ते निकामी होतं. पण जिवाणूला श्वसनाला ऑक्सिजन हवाच, कारण नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, 16 रेणू खर्ची पडतात. ही अडचण लेगहिमोग्लोबिन सोडवतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि थोडा थोडा पोचवतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते भावंडच. तुमच्या बोटाला लागलेला रंग त्याचा. आतून पांढरी गाठ म्हणजे एक तर कोवळी किंवा फुकट खाणारी, हिरवी-तपकिरी म्हणजे म्हातारी. म्हणून मी गाठी मोजण्यापेक्षा चिरायला सांगतो.

पांदणवाट:
किती सोपं करून सांगितलंत! म्हणजे खालच्या वावरातले जिवाणू चांगले आहेत, फक्त फार थोडे. मग आता पुन्हा कल्चर टाकलं तर?

सूक्ष्मदर्शी:
उभ्या पिकात फारसा उपयोग होत नाही, कोवळे मूळरोम खोल गेलेले असतात. युरियाही देऊ नका असंच मी म्हणेन. नायट्रेट मिळालं की झाड नव्या गाठी धरत नाही आणि असलेल्याही मंदावतात. साखर खर्चून जिवाणू पोसण्यापेक्षा आयतं नत्र त्याला स्वस्त पडतं.

बांधावरून:
सर, वरच्या वावरापुरतं शंभर टक्के मान्य, तिथे दाणाही टाकू नये. पण खाली वाचवायला गाठीच कुठे आहेत? फुलोऱ्याआधी पीक उपाशी राहिलं तर शेंगा धरणार नाहीत. ताई, सरसकट गोणी नको. 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो नत्र असतं. अर्धी गोणी एकराला, वापसा असताना, कोळपणीच्या वेळी ओळीत द्या. आणि पेरणीला डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दिलं असेल तर 50 किलोच्या गोणीतून 9 किलो नत्र गेलेलंच आहे, तेही हिशोबात धरा.

सूक्ष्मदर्शी:
बरोबर आहे, खालच्या वावरापुरता माझा शब्द मागे. फक्त आधी चार-पाच ठिकाणची रोपं उपटून बघा. सगळीकडे हीच गत असेल तरच द्या.

पांदणवाट:
वडिलांना हे तुमच्या दोघांच्या नावानं सांगते, माझ्या नावानं ऐकणार नाहीत. शेवटचा प्रश्न: रब्बीत खाली हरभरा घ्यायचा विचार आहे. सोयाबीनच्या कल्चरचं एक न फोडलेलं पाकीट उरलंय, तेच चालेल का?

बांधावरून:
नाही. हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतं, दुकानात 'हरभऱ्यासाठी' लिहिलेलंच मागा आणि मुदतीची तारीख बघून घ्या. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर कल्चर सर्वात शेवटी. गुळाचं पाणी गार झालेलं असू द्या, बियाणं सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. दुकानदारानं पाकीट उन्हात मांडलेलं असेल तर दुसऱ्या दुकानात जा.