शब्दचर्चा: 'निवांत', 'खाडा', 'विसावा' वगैरे

चाटीगल्ली: रविवारी दुपारी कुणी विचारलं, "काय करायलास बे?" तर आपण म्हणतो, "काही नाही, जरा पडलोय. सकाळपासून अंग कणकणतंय." कणकण जोडल्याशिवाय नुसतं पडणं मान्यच होत नाही. कारण न देता, ओशाळं न होता टेकण्यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता? 'विश्रांती' नको. त्यात आधी श्रम दाखवावे लागतात, वर ती डॉक्टरनं सांगितल्यासारखी वाटते.

रातपाळी: मालक, सोलापूरसारख्या गिरणीच्या गावात हा प्रश्न विचारताय म्हणून तिथूनच सुरू करतो. 'रजा' मूळ अरबी, अर्थ मर्जी, संमती. म्हणजे रजा आपली नसतेच, देणाऱ्याची असते. न विचारता घेतली की तिचा 'खाडा' होतो आणि पगार कापला जातो. आमच्या घरात आजही कुणी लग्नाला आला नाही तर "खाडा केलास" म्हणतात. मिल बंद पडून जमाना झाला, हजेरीपट डोक्यातून गेला नाही.

'सुट्टी' त्यातल्या त्यात बरी. सुटणे यावरून आलेली. भोंगा झाला, मिल सुटली. पण तीही सहज मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. पुढं 1948च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

शेंगाचटणी: हे सगळं हजेरी लागणाऱ्यांचं झालं. आमच्याकडं बायका घरी बसून विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांवर. त्यांनी रजा कुणाकडं मागायची? सुटणार कुठून? शिवाय "ती घरीच असते" हे वर ऐकायचं. त्यांचा शब्द 'पाठ टेकणे'. आणि तो एकटा कधी येत नाही. "जरा पाठ टेकते", "घटकाभर पडते". मागायच्या आधीच माप कमी करून मागायचं! 'उसंत' आणि 'फुरसत'चंही बघा, निम्म्याहून जास्त वेळा पुढं 'नाही' असतं.

चाटीगल्ली: ताई, हे 'जरा'चं बरोबर धरलंत. मग 'आराम'?

रातपाळी: त्यात गंमत आहे. संस्कृत 'आराम' म्हणजे बाग, उपवन; बौद्धांच्या 'संघारामा'तला, म्हणजे भिक्खूंच्या मठाच्या नावातला तो. आपण बोलतो तो फारसी, स्वस्थतेचा. नेहरूंच्या "आराम हराम है"नं यमक जुळवून त्याला पार बदनाम केलं. 'वामकुक्षी' मात्र सुटली. डाव्या कुशीवर पचन चांगलं होतं म्हणायचं आणि एप्रिलच्या उन्हात खुशाल दोन तास घोरायचं. आळसाला औषधाचं लेबल, दुसरं काय.

शेंगाचटणी: माझं मत 'विसावा'ला. माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तिचं वेळापत्रक बघा. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, मग मुक्काम. मुक्काम रात्रीचा, विसावा वाटेतला. दमलेल्यानं मागायचा नाही, तो आधीच छापलेला असतो. दमला नसलात तरी पालखी थांबते, तुम्हीही बसता. "तू का बसलास?" असं कुणी विचारत नाही.

चाटीगल्ली: पटलं. पण रोजच्या बोलण्यात 'निवांत' जास्त चालेल ना? आपल्याकडं "काय, निवांत?" हा नमस्कारच आहे.

शेंगाचटणी: स्वतःबद्दल चालतो. दुसऱ्यानं "तुझं काय बाबा, निवांत!" म्हटलं की टोमणा. त्यामुळं आपणच आधी म्हणून टाकायचं, "निवांत पडलोय", आणि पुढं कारण जोडायचं नाही. तेवढं जड जातं.

रातपाळी: विसाव्याची अडचण निराळीच. गल्लीत "विसाव्याला बसलोय" म्हटलं तर विचारतील, पालखी कुठपर्यंत आली?