‘डूला’ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरी : भाचीने पुण्यात बाळंतपणासाठी ‘डूला’ ठरवलीय. चिपळूणच्या वहिनींना सांगताना मी ‘सुईण’ म्हणालो, तर भाचीने फोनवरच झापलं. मग म्हणायचं काय?

वेंगुर्ला : भाची बरोबर आहे, काका. सुईण सुटका करायची, नाळ कापायची. डूला तपासतसुद्धा नाही. कळा सुरू असताना पाठ चोळायची, धीर द्यायचा, डॉक्टर काय म्हणाले ते समजावायचं, हे तिचं काम. आमच्याकडे सुईणीला वैजीण म्हणत. वैद्य, वैज, वैजीण अशी वाट असावी, म्हणजे नावातच वैद्यकी! “वैजणीक हाडा” म्हणत माणूस कंदील घेऊन धावायचा, असं आजी सांगायची. मोबदला लुगडं, नारळ, तांदूळ.

गुहागर : ‘डूला’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये तो नव्या आईला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला. १९९२ मध्ये अमेरिकेत डूलांची संघटना निघाली, मग प्रशिक्षण, प्रमाणपत्र. दासीची व्यावसायिक झाली.

रत्नागिरी : ‘प्रसूतिसखी’ कसा वाटतो?

वेंगुर्ला : सरकारी फलकासारखा. शिवाय सखीला कोणी पैसे देतं का? आशाताईंचं बघा. नाव ‘स्वयंसेविका’, म्हणून मिळतं ते मानधन, वेतन नाही. पावसापाण्यात वाड्या मात्र त्यांनीच पालथ्या घालायच्या.

अलिबाग : मला वाटतं, आपल्याकडे नाम नाही, क्रियापद आहे. “सासूबाईंनी तिन्ही सुनांची बाळंतपणं केली.” इथे कर्ता बाळंतीण नव्हेच! तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक-शेगडी, धुरी, आळिवाची खीर, रात्री बाळ घेऊन बसणं, सगळं त्या ‘केली’त. (वैतागून ‘याची बाळंतपणं मी निस्तरू?’ म्हणतो तेही त्यातलंच.) घरचीने केलं म्हणून त्याला नाव पडलं नाही. बाहेरून तेल लावायला येणारी ती नुसती ‘बाई’, तिच्याशी घासाघीस. डूला म्हटलं की आपण ‘फी किती’ विचारतो.

गुहागर : मग डूलाच राहू दे. फक्त सामान्यरूप ठरवा. ‘शाळेला’प्रमाणे ‘डूलेला’ व्हायला हवं, काकांनी शीर्षकात ‘डूला’ला अवतरणात घालून पळवाट काढलीय.

रत्नागिरी : कबूल. वहिनींनी कालच फोनवर विचारलं, “त्या डुलेला देतात किती? आमच्या तेलवालीला सांगायला हवं.”