मदत हवी आहे : रोबो स्पर्धेसाठी घडी करून नेता येईल अशी पाण्याची टाकी

पाण्याखालच्या रोबोंच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ४ मीटर × ३ मीटरची टाकी बनवतोय. पाणी ६० सेंटीमीटर, म्हणजे ७,२०० लिटर, सव्वासात टनांच्या आसपास. दर चौरस मीटरला ६०० किलो भार येत असल्याने वरच्या मजल्यावरचं सभागृह आधीच बाद केलंय. तळमजल्याची कोबा केलेली जमीन मिळाली आहे.

खरी अडचण बाजूंची. दर मीटर लांबीला साधारण १८० किलो दाब बाहेर ढकलतो आणि तो तळाकडे जास्त. १८ मिमी प्लायवूड, लोखंडी अँगलची चौकट आणि आत ताडपत्री लावून अर्धं पाणी भरलं, तर लांब बाजू मध्यभागी फुगली. वरून आडवे पाइप टाकले, पण त्यात रोबोची केबल अडकते. कोपऱ्यांत ताडपत्रीच्या चुण्या पडतात, तिथे रोबोही अडकतो.

तयार फुगवता येणारा तलाव नको. त्याच्या भिंती वाकड्या असतात आणि स्पर्धकांना सरळ भिंत लागते. जमिनीला भोक पाडायची परवानगी नाही. सगळे भाग छोटा हत्तीत मावावेत, म्हणून २ मीटरपेक्षा लांब तुकडा चालणार नाही. जोडणी नट-बोल्टचीच हवी. विजेची बाजू ठीक आहे, रोबो १२ व्होल्टवर चालतात.

बाहेरून तिरके टेकू किती अंतरावर द्यावेत? जमिनीत न रोवता ते सरकू नयेत म्हणून समोरासमोरचे टेकू ताडपत्रीखालून लोखंडी पट्टीने बांधले तर पुरेल का? आणि कोपऱ्यात चुणी न पडता अस्तर कोणतं व कसं बसवावं?