मदत हवी आहे: सोळा वर्षांचा मुलगा, बर्फावरची हॉकी, दुसरं कन्कशन आणि बंद दार

खडीसाखर

नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं इथे नुसती वाचतेय, दोन पाककृती सोडल्या तर काही लिहिलेलं नाही. आत्ता रात्रीचा दीड वाजलाय, झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅनडात, मिसिसागाला असतो. थोरला सोळाचा आहे, सहाव्या वर्षापासून हॉकी खेळतो. बर्फावरची हं, ध्यानचंदांची नव्हे. दहा वर्षं पहाटे पाचला उठून, उणे वीसमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडून याला रिंकवर सोडलंय. सासूबाई आल्या होत्या तेव्हा एक मॅच बघून म्हणाल्या, "अगं, पोरं एकमेकांना काचेवर आपटतायत आणि तुम्ही टाळ्या काय वाजवताय?" तेव्हा हसले होते.

गेल्या वर्षी याची उंची एकदम सहा फूट दोन झाली. नवीन कोचने सांगितलं, गोल बाकीचे करतील, आपल्या पोरांना कुणी हात लावला तर मध्ये तू दिसला पाहिजेस. चिरंजीव खूश. खरं सांगायचं तर नवरा जास्त खूश. शाळेत असताना त्याला सगळे 'वरणभात' म्हणायचे, आता पोराला लोक घाबरतात.

नोव्हेंबरमध्ये पहिलं कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसणारा धक्का) झालं, कोपऱ्यात धडक बसून. तीन आठवड्यांनी परत खेळायला लागला. फेब्रुवारीत दुसरं, ते मारामारीत. हेल्मेट निघालं आणि डोकं बर्फावर आपटलं. शुद्ध हरपली नव्हती. आता पाच आठवडे झालेत. डोकं अजून दुखतं, उजेड सहन होत नाही. पण मला घोर लागलाय तो वेगळाच. दार लावून बसतो. पहाटे तीनला जागा असतो. परवा धाकटीने याचा चार्जर घेतला तर रडला. माझा हा मुलगा हात मोडला तेव्हाही रडला नव्हता. बॅगेत डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली सापडली, जवळजवळ रिकामी. विचारलं तर म्हणाला, "कोचला सांगू नकोस. मला सगळे मऊ समजतील."

मग मी नको ते वाचत सुटले. २०११ च्या उन्हाळ्यात चार महिन्यांच्या आत एनएचएलचे (इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगचे) तीन खेळाडू गेले, तिघेही मारामारीसाठी ओळखले जाणारे. मे महिन्यात डेरेक बूगार्ड, २८ वर्षांचा, वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र झाल्याने. ऑगस्टमध्ये रिक रिपियन, २७ वर्षांचा, कित्येक वर्षं नैराश्याशी झगडत होता. आणि महिनाअखेरीस वेड बेलाक, ३५ वर्षांचा. बूगार्ड २७७ सामने खेळला आणि गोल किती, तर तीन. पंधरा-सोळाव्या वर्षी एका मॅचमध्ये तो प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर घुसून ठोसे मारत सुटला आणि तिथेच मोठ्या संघाच्या माणसांच्या नजरेत भरला, हे वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला. पंधरा-सोळा म्हणजे आमच्याच घरातलं वय.

मला हे विचारायचंय की पाच आठवड्यांनंतरही हे असं असणं कन्कशनमुळे आहे, वयामुळे आहे, की मनाचं काही वेगळंच? कुणाकडे घेऊन जाऊ? आणि खेळ बंद कर म्हटलं तर उरलंसुरलं बोलणंही थांबेल का? नवरा म्हणतो मी गूगल वाचून घाबरलेय.

पेठेतला

ताई, अडाणी प्रश्न. मारामारी खेळात चालते? पंच काय करतो?

ओटावाकर

@पेठेतला, एनएचएलमध्ये दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात, मग परत खेळायला या. लाइन्समन, म्हणजे दुय्यम पंचसुद्धा, बहुधा कुणीतरी खाली पडेपर्यंत थांबतात. मुलांच्या हॉकीत मात्र थेट सामन्याबाहेर काढतात आणि वर बंदी. म्हणजे खडीसाखर यांचा कोच जे सांगतोय त्याला नियमाचाही आधार नाही. एनएचएलमध्ये मारामारी करणाऱ्या या खेळाडूंना एन्फोर्सर म्हणतात. आता ती जमात बरीच कमी झालीय.

तुम्ही वाचलंय ते गूगलचं भूत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये १९६७ पासूनचे सहा हजारांहून जास्त खेळाडू तपासले. पन्नास किंवा जास्त मारामाऱ्या केलेले एकीकडे आणि त्याच उंची-वजनाचे, त्याच जागी खेळणारे पण न भांडणारे दुसरीकडे. मृत्यूंची संख्या दोन्हीकडे फारशी वेगळी नव्हती. पण भांडणारे जे गेले ते सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि त्यांच्यात आत्महत्या, नशेचा अतिरेक, गाडीचे अपघात अशी कारणं जास्त दिसली. मला यातलं शेवटचं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. नुसतं डोकं आपटण्याची ही गोष्ट नाही. उद्या रात्री अमुक एका धिप्पाड माणसाशी भिडायचंय हे आदल्या दिवसापासून माहीत असणं, सुजलेल्या हातांनी झोपायचा प्रयत्न करणं, त्यासाठी गोळी, ती उतरवायला आणखी काही. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण न घाबरणं हीच नोकरी.

तुम्ही ओंटारियोत आहात म्हणून आणखी एक. रोवन स्ट्रिंगर नावाची आमच्या ओटावाची सतरा वर्षांची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना गेली. काही दिवसांत डोक्याला लागोपाठ मार बसले होते आणि तिने ते अंगावर काढले. तिच्या नावाचा कायदा २०१८ मध्ये झाला. कन्कशनचा नुसता संशय आला तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचं आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरने लेखी परवानगी दिल्याशिवाय पूर्ण सरावाला किंवा सामन्याला परत घ्यायचं नाही. मोसमाच्या सुरुवातीला तुम्हीही त्यावर सही केली असणार. आपण सगळेच न वाचता करतो.

शिशिर७१

मी फिजिओ आहे, कन्कशन झालेल्या लोकांबरोबर काम करतो. डॉक्टर नाही, आणि मुलाला न बघता निदान करणार नाही.

मुलांमध्ये बहुतेकांची लक्षणं चार आठवड्यांत जातात. त्यापुढे रेंगाळली तर वाट बघत बसू नये, एकापेक्षा जास्त जाणकारांनी मिळून बघावं लागतं. तुम्ही पाचव्या आठवड्यात आहात, तेव्हा याच आठवड्यात फॅमिली डॉक्टर गाठा आणि कन्कशन क्लिनिकसाठी रेफरल मागा. मानेची तपासणी सांगून करून घ्या. डोकेदुखीचं मूळ पुष्कळदा मानेत असतं आणि तिकडे कुणी बघत नाही.

गोळ्या मोजा. पाच आठवड्यांत किती गेल्या ते डॉक्टरांना सांगा. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस साध्या गोळ्या घेतल्या तरी त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. पोरं ती लपवून घेतात, म्हणजे कोचला वाटतं बरा आहे.

अंधाऱ्या खोलीत पडून राहणं आता सांगत नाहीत. पहिला एक-दोन दिवस आराम, मग त्रास फार वाढणार नाही इतपत चालणं, हलका व्यायाम. पाच आठवडे दार लावून बसला असेल तर मनाचं निम्मं त्यातूनच बिघडलं असेल. आधी शाळा पूर्ववत, मग खेळ, असा क्रम ठेवा. आणि हो, मूड बिघडणं, झोप उडणं, रडू येणं ही कन्कशनचीच लक्षणं असू शकतात. नैराश्यही असू शकतं. दोन्ही एकत्रही असतं, म्हणून एकाला धरून दुसरं सोडू नका.

स्पष्टवक्ता

मुलाची काळजी रास्त आहे, पण दोन कन्कशन आणि बूगार्ड यांची सांगड घालू नका. त्याच्या मेंदूत बॉस्टनच्या संशोधकांना जे सापडलं ते सीटीई, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी टाऊ नावाचं प्रथिन साठत जाणं. ते आजही खात्रीने कळतं ते मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच. आणि तिथे मेंदू दान होतात ते आधीच त्रास असलेल्यांचे, तेव्हा तिथे किती टक्के मेंदूंत सीटीई सापडला यावरून सगळ्यांचं भविष्य काढता येत नाही. टॉड यूअन या खेळाडूने आपल्याला सीटीईच आहे असं धरून धसका घेतला होता. २०१५ मध्ये त्याने जीवन संपवलं. पहिल्या तपासणीत सांगितलं की सीटीई नाही.

ओटावाकर

आणि २०१८ मध्ये बॉस्टनमध्ये पुन्हा तपासलं तेव्हा सापडला. अर्धं सांगू नका. तुमचा टक्क्यांचा मुद्दा मात्र मान्य.

मारामारीच कारण असंही नाही. रिक मार्टिन हा बफेलोचा गोल करणारा खेळाडू, भांडखोर अजिबात नव्हे, त्याच्याही मेंदूत सीटीई होता. धडका सगळ्यांनाच बसतात. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन वर्षानुवर्षं धडका आणि सीटीईचा संबंध मान्य करत नाहीत. २०१८ मध्ये डोक्याच्या दुखापतींवरून दावा लावलेल्या तीनशेवर माजी खेळाडूंशी जवळपास १.९ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही जबाबदारी न स्वीकारता.

अबोली

वादात मूळ प्रश्न राहतोय. खडीसाखर, मी शाळांमध्ये समुपदेशन करते.

पहिलं म्हणजे त्याला सरळ विचारा. "जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का?" असंच, याच शब्दांत, गाडीत शेजारी बसल्यावर, नजरेला नजर न देता. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. कॅनडात ९८८ वर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो. भारतातून वाचणाऱ्यांसाठी टेली-मानस १४४१६. घरातल्या सगळ्या गोळ्या, तुमच्या नवऱ्याच्या पाठदुखीच्यासुद्धा, कुलपात ठेवा. आजच.

दुसरं, 'हॉकी बंद' हे वाक्य आत्ता कुणीच बोलू नका. 'डॉक्टर सोडेपर्यंत नाही' एवढंच. पण रिंकशी नातं तोडू नका. सराव बघायला जाऊ दे, लहान मुलांना स्केटिंग शिकवू दे. त्याचे सगळे मित्र तिथे आहेत.

आणि 'मऊ' या शब्दासाठी त्याला केरी प्राइसचं नाव सांगा. माँट्रियलचा गोलरक्षक. २०२१ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेलं आणि काही महिन्यांत खेळाडूंसाठीच्या मदत कार्यक्रमात स्वतःहून गेला, मग व्यसनाबद्दल जाहीरपणे बोलला. रॉबिन लेनरने २०१८ मध्ये आपला बायपोलर आजार आणि व्यसन लिहून सांगितलं, पुढच्या वर्षी त्याला चिकाटीसाठीची मास्टरटन ट्रॉफी मिळाली. सोळा वर्षांच्या पोराला आईचं पटत नाही, गोलरक्षकाचं पटतं.

पेठेतला

हे वाचून आमच्या सोसायटीतल्या कबड्डीवाल्या पोरांची आठवण आली. पडला की "उठ, काही नाही झालं" हे आम्हीच ओरडतो.

खडीसाखर

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवसांनी लिहितेय.

अबोली, तुम्ही सांगितलं तसं गाडीत विचारलं. हायवेवर, रात्री. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला मरायचं नाहीये, पण कधी कधी सगळं बंद पडलं तर बरं असं वाटतं. आणि पुढचं ऐकून मी गाडी बाजूला घेतली. त्याला मारामारी कधीच आवडत नव्हती. मॅचच्या आदल्या रात्री उलटी व्हायची. 'खाण्यातलं काहीतरी असेल' म्हणून मी वर्षभर याला आल्याचा रस देत होते!

फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बघितलं, कन्कशन क्लिनिकची तारीख गुरुवारची आहे, आणि मनासाठी वेगळं रेफरल दिलंय. गोळ्या मोजल्या, आकडा इथे लिहित नाही. शिशिर, मान दाबल्यावर खरंच किंचाळला. कोचला मी ईमेल केला, दोन ओळींचं उत्तर आलं, 'वेळ घ्या' म्हणून. पुढच्या वर्षी हाउस लीगमध्ये (हौशी स्थानिक लीगमध्ये) खेळायचं का, असं मुलानेच विचारलं. तिथे बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक मारणं, नसतं. मी काही बोलले नाही, नुसतं बघू म्हटलं.

आता एक राहिलंच. कुणाला मिसिसागा-ब्रॅम्टन भागात मराठी किंवा हिंदी बोलणारे समुपदेशक माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुलगा इंग्रजीतच बोलतो, त्याची सोय झाली. मला नवऱ्यासाठी हवेत. त्या रात्रीपासून तो गॅरेजमध्ये हॉकीच्या काठ्या आवरत बसतो, आणि आवरून झाल्या की परत काढतो.