नदीकाठी राहणाऱ्यांमध्ये यकृतातील पर्णकृमीचे प्रमाण: नागपूर परिसरात कितपत काळजी करावी?

प्रश्न (कन्हानकाठचा रहिवासी):
नमस्कार. आमचे गाव कामठीजवळ कन्हान नदीच्या काठी आहे आणि गावात मासेमारी करणारी ढिवर कुटुंबे बरीच आहेत. पावसाळ्यानंतर आमची म्हैस खंगत गेली, तिच्या जबड्याखाली पाणी उतरले आणि शेण तपासल्यावर पर्णकृमीचे (पानासारख्या चपट्या कृमीचे) निदान झाले. थायलंडमधील नदीकाठच्या गावांत माणसांनाही यकृताचा पर्णकृमी मोठ्या प्रमाणावर होतो व त्यातून कर्करोग उद्भवतो, असे नंतर वाचनात आले. आम्ही नदीतले मासे नेहमी खातो आणि थंडीत शिंगाडेही खातो. आमच्याकडेही तेवढेच प्रमाण असेल का, आणि घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी का?

उत्तर १ (परजीवीशास्त्राची अध्यापिका):
तुमच्या म्हशीला झालेला कृमी आणि थायलंडमधील माणसांना होणारा कृमी हे दोन वेगळे जीव आहेत. थायलंड, लाओस आणि कंबोडियात मेकाँगच्या खोऱ्यात आढळणारा ऑपिस्थॉर्किस विवेरिनी हा कृमी आधी गोगलगाईत, नंतर रोहू-कतल्याच्या कुळातील माशांत वाढतो आणि असा मासा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तरच माणसाच्या पित्तनलिकेत पोहोचतो. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशाची ‘कोइ प्ला’ ही कोशिंबीर आवडीने खाल्ली जाते. २००९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तेथे १६.६ टक्के लोकांना संसर्ग आढळला होता. हे कृमी वर्षानुवर्षे जगतात आणि औषध घेतल्यावरही कच्चा मासा खाणे चालू राहिले की संसर्ग पुन्हा होतो. दीर्घकाळच्या दाहातून पित्तनलिकेचा कर्करोग होतो, म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले. नदीकाठी प्रमाण अधिक दिसते, कारण तिथे गोगलगाय, मासा आणि उघड्यावरचा शौच एकत्र येतात. पण शेवटचा दुवा ताटातच जुळतो. आपल्याकडे मासा रश्शात चांगला शिजतो, त्यामुळे तेथील टक्केवारी कन्हानकाठाला लावणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर २ (पशुवैद्यक):
म्हशीतील कृमी बहुधा फॅसिओला जायगँटिका असणार. आपल्या भागातील गुराढोरांत तो नित्य दिसतो. त्याला मासा लागत नाही. गोगलगाईतून बाहेर पडलेल्या अळ्या पाणवनस्पतींना चिकटून कवच धरतात आणि गुरे त्या चरताना गिळतात. माणसांतील रुग्ण भारतात तुरळकच नोंदले गेले आहेत, तरी ज्या तळ्यात गुरे डुंबतात तिथले शिंगाडे दाताने सोलू नयेत, उकडूनच खावेत, हे मी गावोगावी सांगत असतो. म्हशीला वेळेवर कृमिनाशक द्या आणि तिला दलदलीच्या कडेला चारू नका.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. घरात बकऱ्याची कलेजीही होते. तिच्यातून हा कृमी येतो का?

उत्तर १ (परजीवीशास्त्राची अध्यापिका):
येत नाही. संसर्ग घडवणाऱ्या कवचबंद अळ्या वनस्पतींवर व पाण्यात असतात, यकृतात नसतात. मात्र बाधित कलेजी खाल्ल्यावर तिच्यातील अंडी पचन न होता तशीच बाहेर पडतात आणि माणसाच्या शौचाच्या तपासणीत संसर्गाचा खोटा भास होतो. म्हणून तपासणीपूर्वी काही दिवस कलेजी बंद ठेवावी आणि अंडी दिसलीच तर पुन्हा तपासावे. दुसरी अडचण अशी, की खरा फॅसिओलाचा संसर्ग झाल्यावर पहिले तीन-चार महिने अंडी दिसतच नाहीत. त्या काळात ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि रक्तातील वाढलेल्या इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) हीच खूण असते. अशी लक्षणे असलेल्या माणसाला नागपुरातील मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि म्हशीच्या आजाराची माहिती डॉक्टरांना अवश्य द्या, कारण माशातून येणाऱ्या कृमीवर चालणारे प्राझिक्वांटेल फॅसिओलावर भरवशाने काम करत नाही. त्यासाठी ट्रायक्लाबेंडाझोल लागते. लक्षणे नसतील तर साऱ्या घराची तपासणी करण्याची गरज मला दिसत नाही.