‘डायब्लरी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये निघालेल्या ‘डायब्लरी’ या स्टिरिओ जोडचित्रांना (दोन भिंगांच्या दर्शकातून पाहिली की उठावदार, त्रिमिती दिसणाऱ्या जोडीच्या छायाचित्रांना) ‘भुताटकी’ म्हटले तर चालेल का? आणि त्यांच्या कागदाला ‘पारदर्शक’ म्हणावे का?

– भुताटकी नको. त्या शब्दात भय आणि झपाटणे आहे. इथे सांगाडे नाचतात, सैतान घोड्यांच्या शर्यती भरवतो. हाबेर, एनतिये यांच्यासारख्या शिल्पकारांनी मातीच्या मूर्तींचे देखावे टेबलावर रचले आणि ते दुभिंगी कॅमेऱ्याने टिपले गेले. रोख होता फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या काळातल्या चैनीवर. फ्रेंच शब्दामागे मध्ययुगीन धर्मनाट्यांतले सैतानांचे प्रवेश आहेत. ‘सैतानलीला’ कसा वाटतो?

– ‘लीला’ म्हटले की देवाची आठवण आधी येते. ‘सैतानी सोंगे’ म्हणा. सोंगात वेश आहे, थट्टा आहे, टोमणाही आहे. विशेषण ‘उपरोधिक’ घ्या. नुसते ‘व्यंग’ म्हणजे दोष. तो शब्द ‘व्यंगचित्रा’तच शोभतो.

– कागद ‘पारदर्शक’ नव्हे, ‘अर्धपारदर्शक’. सारी करामत त्यातच आहे. अल्ब्युमिनचा (अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप वापरून काढलेला) छायाचित्राचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा, रंग मागच्या बाजूने भरायचे, पाठीला आणखी एक पातळ कागद लावायचा आणि सगळे दोन खिडक्यांच्या पुठ्ठ्यात बसवायचे. समोरून उजेड पडला की चित्र एकरंगी दिसते, मागून पडला की रंग उमटतात. सांगाड्यांचे डोळे सुईने टोचून मागे लाल जिलेटिनचा तुकडा लावत, म्हणून ते निखाऱ्यासारखे पेटतात. डाव्या-उजव्या चित्रांतली भोके तंतोतंत जुळली नाहीत, तर डोळा कवटीच्या पुढे किंवा मागे तरंगतो. भोक एकाच चित्रात असेल तर नुसती चमचम होते. सुई जाड असेल तर कागद फाटतो.

– वर्णनात ‘अदलाबदल’ हा शब्दही लागेल. भिंग प्रतिमा उलटी पाडते, त्यामुळे काचेच्या निगेटिव्हवरून थेट काढलेला जोडठसा मधोमध कापून डावा-उजवा बदलावा लागतो. ते राहिले तर जवळचे दूर आणि दूरचे जवळ दिसते आणि मागची भिंत सैतानाच्या पुढे येते.

– संग्रहासाठी छायाचित्रे घेताना प्रत्येक कार्डाच्या दोन नोंदी करा : ‘पुढील उजेड’ आणि ‘मागील उजेड’. कॅमेरा तिपाईवर पक्का ठेवून फक्त दिवा बदला. मागून तापणारा दिवा नको; पातळ कागद आक्रसून सुरकुततो.